विश्लेषण : ‘व्हॅप’ नगरची, कारखाना मोरोक्कोत... मग ‘स्वदेशी’ नेमके कशाला म्हणायचे?

संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी २३ सप्टेंबर २०२५ रोजी मोरोक्कोतील बेरेशिद येथे टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन केले. कॅसाब्लांकाजवळच्या या २० हजार चौरस मीटरच्या कारखान्यात आठ चाकांची चिलखती गाडी तयार होणार आहे. तिचे नाव ‘व्हील्ड आर्मर्ड प्लॅटफॉर्म’, थोडक्यात ‘व्हॅप’. भारतीय खासगी कंपनीने परदेशात लष्करी वाहनांचा कारखाना काढला, याची बातमी झाली. पण या गाडीचा आराखडा अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संस्थेने टाटांसोबत तयार केला आहे, हे बातमीत एखाद्या ओळीपुरतेच आले.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, भारत आणि अमेरिकेच्या संयुक्त निवेदनात अमेरिकी ‘स्ट्रायकर’ या आठ चाकी चिलखती गाडीचे भारतात सहउत्पादन करण्याचा मनोदय जाहीर झाला होता. म्हणजे आपली गाडी मोरोक्कोत आणि अमेरिकेची गाडी आपल्याकडे. हे चित्र विचित्र वाटते खरे. पण भावनेच्या भरात ‘आपले ते आपले’ म्हणण्याआधी ही गाडी काय आहे, काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे पाहायला हवे.

चाकांची चिलखती गाडी कशासाठी?

रणगाड्याचे काम शत्रूचा रणगाडा आणि तटबंदी फोडण्याचे. चिलखती गाडीचे मुख्य काम माणसे पोहोचवण्याचे. पायदळाच्या जवानांना गोळ्या, तोफगोळ्यांचे तुकडे आणि भूसुरुंग यांपासून वाचवत लढाईच्या जागेपर्यंत नेणे, तिथे उतरवणे आणि वरच्या तोफेने त्यांना आधार देणे, हा तिचा उद्योग.

भारतीय सैन्यात हे काम प्रामुख्याने साखळीवर चालणारी ‘बीएमपी-२’ म्हणजेच ‘सारथ’ करते. मूळ सोव्हिएत बनावटीची ही गाडी ऐंशीच्या दशकापासून तेलंगणातील मेडकच्या कारखान्यात तयार होत आली. सुमारे १४ टन वजन, ३०० अश्वशक्तीचे इंजिन आणि पाणी ओलांडण्याची क्षमता ही तिची ओळख. तिने मोठी सेवा दिली. पण तिचे चिलखत आणि तळ आजच्या सुरुंगांसाठी घडवलेले नाहीत.

चाकांच्या गाड्याही भारतीय सैन्याला नव्या नाहीत. ‘बीएमपी’ येण्यापूर्वी यांत्रिक पायदळाकडे पूर्व युरोपात बनलेली ‘स्कॉट’ ही आठ चाकी गाडी होती. त्याहून मागे जायचे तर चाकांचे चिलखत रणगाड्यापेक्षाही जुने आहे. नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉईस ‘सिल्व्हर घोस्ट’ ही चिलखती मोटार ठेवलेली आहे. पहिल्या महायुद्धात अशा मोटारी अरबस्तानच्या वाळवंटात धावल्या. युरोपात मात्र खंदक आणि चिखलापुढे चाके हरली आणि १९१६ मध्ये साखळीचा रणगाडा रणांगणात उतरला. चाके की साखळी, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

चाके बरी की साखळी?

उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. पावसाळ्यात नेवासे-श्रीरामपूरच्या काळ्या रानात उसाचा ट्रॅक्टर कसा रुततो, हे या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. वजन थोड्याशा जागेवर पडले की चाक खाली जाते. साखळी तेच वजन लांबरुंद पट्ट्यावर पसरवते, म्हणून ती चिखल, वाळू आणि खंदक सहज पार करते.

पण साखळीची किंमतही मोजावी लागते. ती लवकर झिजते, इंधन जास्त लागते, डांबरी रस्ता उखडते. लांबच्या प्रवासाला रणगाडा रेल्वेवर किंवा मोठ्या ट्रेलरवर चढवावा लागतो. चाकांची गाडी शेकडो किलोमीटर स्वतःच्या चाकांवर जाते आणि पोहोचल्यावर लगेच कामाला लागते. सीमेवर रस्ते झाले आहेत, आणि संकट कोणत्या खिंडीत उभे राहील ते आधी सांगता येत नाही. अशा ठिकाणी ही धाव मोलाची ठरते.

म्हणून चाके साखळीची जागा घेतील, असे म्हणणे चुकीचे आहे. राजस्थानच्या वाळूत आणि पंजाबच्या कालव्यांच्या पट्ट्यात साखळी लागेलच. टेहळणी, वेगाने कुमक पाठवणे, रस्त्यांच्या जाळ्यावरची लढाई आणि शांतिसेनेची कामे यांत चाके उजवी ठरतात. सैन्याला दोन्ही हवीत. प्रश्न योग्य प्रमाणाचा आहे.

‘व्हॅप’ची रचना कशी आहे?

ही गाडी प्रथम लोकांसमोर आली ती २०१४ मध्ये, दिल्लीतील ‘डिफएक्स्पो’ प्रदर्शनात. तेव्हा टाटांनी तिला ‘केस्ट्रेल’ म्हटले होते. २०२३ च्या प्रजासत्ताक दिनी ती कर्तव्यपथावर दिसली.

तिचे वजन सुमारे २४ टन; जादा चिलखत चढवले की ते वाढते. इंजिन ६०० अश्वशक्तीचे. म्हणजे दर टनामागे २५ अश्वशक्ती. ‘बीएमपी-२’ मध्ये हे प्रमाण २१ च्या आसपास आहे. हा आकडा डोंगरात कामाला येतो. साडेचार हजार मीटर उंचीवर हवा जवळपास ४० टक्क्यांनी विरळ होते, इंजिनाला प्राणवायू कमी पडतो आणि त्याचा जोर उतरतो. सपाटीवर शिल्लक वाटणारी ताकद तिथे गरजेची ठरते.

ट्रकला खाली चासी असते आणि वर हौदा. ‘व्हॅप’ला वेगळी चासी नाही. चिलखती पोलादाचा एकसंध सांगाडा हाच तिचा कणा. आठही चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे, त्यामुळे एक चाक दगडावर चढले तरी बाकीची जमिनीला धरून राहतात. टायरमधली हवा चालकाला आत बसूनच कमी-जास्त करता येते. वाळू किंवा चिखल लागला की हवा उतरवायची. टायर पसरतो, जमिनीवरचा भार विभागला जातो. पक्का रस्ता आला की पुन्हा भरायची. साखळीचा थोडा गुण चाकात आणण्याची ही युक्ती आहे.

वरचा भाग बदलता येतो, हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य. त्याच सांगाड्यावर ३० मिलिमीटर तोफेचा बुरूज, दूरनियंत्रित मशिनगन, रणगाडाभेदी क्षेपणास्त्रे, टेहळणीची यंत्रणा किंवा रुग्णवाहिका बसवता येते. प्रकार अनेक, पण इंजिन, चाके आणि सुटे भाग तेच. सैन्याच्या कोठारासाठी ही मोठी सोय आहे.

सुरुंगावर गेली तर?

सपाट तळाखाली स्फोट झाला, तर त्याचा सगळा दाब सरळ वर जातो. तळ बोटीसारखा निमुळता केला, तर तो दाब दोन्ही बाजूंना फाकतो. दक्षिण आफ्रिकेने सत्तर-ऐंशीच्या दशकांत ‘कॅस्पिर’सारख्या गाड्यांमधून हे सिद्ध केले आणि पुढे जगाने ते उचलले. आतली आसनेही जमिनीवर घट्ट न बसवता धक्का शोषतील अशी ठेवावी लागतात. नाहीतर तळ टिकूनही जवानाचा मणका मोडतो.

आठ चाकांचा फायदा इथेही आहे. एखादे चाक उडाले तरी गाडी उरलेल्या चाकांवर बाहेर पडू शकते. साखळीची एक कडी तुटली, तर गाडी जागीच उभी राहते. आणि थांबलेली गाडी म्हणजे नेमाला ठेवलेले लक्ष्य.

तरंगणारी गाडी जड का करता येत नाही?

‘व्हॅप’ उभयचर आहे. मागे बसवलेले दोन पाणीझोत तिला नदी किंवा कालव्यातून ढकलतात. पण तरंगण्याचा हिशेब निर्दय असतो. २४ टनांच्या गाडीला तरंगायचे असेल, तर तिने २४ हजार लिटर पाणी बाजूला सारले पाहिजे. दुष्काळात पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या बारा हजार लिटरच्या दोन टँकरांएवढे हे पाणी. तेवढी जागा गाडीच्या पोटाने व्यापायची म्हणजे गाडी उंच आणि रुंद होणार. उंच झाली की शत्रूला लांबून दिसणार. चिलखताचे थर वाढवले की वजन वाढणार आणि गाडी बुडणार.

म्हणून कोणतीही गाडी सर्व गुणांची नसते. तरंगणे, चिलखत आणि मारकशक्ती यांपैकी एक वाढवायचे तर दुसऱ्याला कात्री लावावी लागते. आपल्या सैन्याच्या मागणीपत्रांवर नेहमी होणारी टीका हीच आहे, की त्यांत सगळे गुण एकत्र मागितले जातात आणि मग चाचण्या वर्षानुवर्षे लांबतात. लडाखसाठीच्या गाडीला तरंगण्याची गरज किती आणि पंजाबसाठीच्या गाडीला किती, हे आधी ठरवले तर आराखडा करणाऱ्यांचे निम्मे काम सोपे होईल.

युक्रेनच्या युद्धाने या हिशेबात नवा भार टाकला आहे. स्वस्त ड्रोन वरून येऊन रणगाडे आणि चिलखती गाड्या फोडत आहेत. चाके असोत की साखळी, त्यांना फरक पडत नाही. आजवर सर्वात पातळ असलेले छप्परच आता सर्वात धोक्याचे झाले आहे. ड्रोनविरोधी यंत्रणा आणि छपराचे संरक्षण यांसाठी वजन कुठून काढायचे, हा प्रत्येक देशापुढचा प्रश्न आहे.

मग स्ट्रायकरचे काय?

स्ट्रायकर वाईट गाडी नाही. इराक आणि अफगाणिस्तानात ती लढली आहे, आणि ‘व्हॅप’कडे असा अनुभव नाही. हा मुद्दा नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेशी वाढणारे संरक्षण संबंध आणि त्याच निवेदनातला ‘जॅव्हलिन’ रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांचा मुद्दा, हेही सरकारच्या हिशेबात असणार.

पण दुसरी बाजूही आहे. अमेरिकी सैन्यातील स्ट्रायकर तरंगत नाही. आणि तिचा इतिहास स्वतःच एक धडा देतो. स्ट्रायकरचे मूळ कॅनडात बनलेल्या ‘लॅव्ह’ गाडीत आणि त्याही मागे स्वित्झर्लंडच्या ‘पिरान्हा’ गाडीत आहे. म्हणजे अमेरिकेनेही मूळ कल्पना बाहेरूनच घेतली. अफगाणिस्तानात रस्त्यात पेरलेल्या स्फोटकांनी स्ट्रायकरच्या सपाट तळाची कमजोरी उघडी पाडली, तेव्हा मात्र अमेरिकेने वाट पाहिली नाही. गाडीचा तळच नव्याने आखून दुहेरी ‘व्ही’ आकाराचा केला आणि २०११ मध्ये त्या गाड्या अफगाणिस्तानात पाठवल्या.

हे का जमले? कारण आराखड्यात हात घालण्याचा अधिकार आणि ते करणारे अभियंते त्यांच्याच हाताशी होते. परवान्यावर गाड्या जोडणाऱ्या देशाला असा बदल करायचा झाला, तर आधी पत्र लिहावे लागते, मग परवानगी मागावी लागते आणि शेवटी बिल भरावे लागते. दरम्यान सुरुंग थांबत नाहीत.

मोरोक्कोच्या खुर्चीत कोण बसणार?

मोरोक्कोतल्या कराराकडे या नजरेने पाहिले की बरेच काही स्पष्ट होते. तिथल्या सैन्यासाठी गाड्या तिथेच जोडल्या जातील. सुरुवातीला सुमारे एक तृतीयांश काम स्थानिक पातळीवर आणि पुढे ते निम्म्यापर्यंत न्यायचे, असे ठरले आहे. मोरोक्कोला रोजगार मिळेल, कौशल्य मिळेल. पण गाडी कशी बदलायची, याचे ज्ञान मुख्यतः नगर आणि टाटांच्या अभियंत्यांकडेच राहील.

स्ट्रायकरच्या सहउत्पादनात हीच जागा भारताकडे येते. ज्या खुर्चीत आज मोरोक्को बसला आहे, तिथे आपण बसू. ती जागा कमीपणाची नाही; ज्याच्याकडे स्वतःचा आराखडा नाही, त्याने तिथून सुरुवात करणे शहाणपणाचेच. पण ज्याच्याकडे आराखडा आहे, आणि तो दुसऱ्या देशाने पारखून घेतला आहे, त्याने पुन्हा त्याच पायरीवर उतरणे न पटणारे आहे.

स्वदेशीची खरी कसोटी इथे आहे. गाडी कोणत्या गावात जोडली, हे महत्त्वाचे. पण युद्धात खोट दिसली तर ती उद्या सकाळी दुरुस्त करायला कोणाची परवानगी लागते, हे त्याहून महत्त्वाचे.

‘व्हॅप’ पूर्णपणे स्वदेशी आहे का?

नाही, आणि हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. प्रदर्शनात आणलेल्या पहिल्या गाडीचे ६०० अश्वशक्तीचे इंजिन कमिन्स या मूळ अमेरिकी कंपनीचे होते. इंजिन आणि स्वयंचलित गिअरबॉक्स हे भारतीय लष्करी वाहनांचे जुने दुखणे आहे. बीईएमएलच्या म्हैसूर येथील कारखान्यात मार्च २०२४ मध्ये रणगाड्यांसाठीच्या १५०० अश्वशक्तीच्या देशी इंजिनाची पहिली चाचणी झाली. चिलखती गाड्यांच्या इंजिनाबाबतही तीच वाट धरावी लागेल. आराखडा आपला आणि हृदय परक्याचे, ही स्थिती कायमची असू शकत नाही.

दुसरे दुखणे मागणीचे. ‘व्हॅप’वर आधारित ‘आयपीएमव्ही’ या गाड्यांचा पहिला संच एप्रिल २०२२ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत पुण्यात सैन्यात दाखल झाला. सुरुवात चांगली होती. पण २०१४ मध्ये दाखवलेली गाडी २०२२ मध्ये पहिल्यांदा सैन्यात येते, तेव्हा मधल्या आठ वर्षांत सुटे भाग बनवणारा लघुउद्योजक काय करतो? साचे, जिग, पोलाद आणि प्रशिक्षित वेल्डर यांत पैसा गुंतवून तो ‘पुढची ऑर्डर येईल’ म्हणून थांबू शकत नाही. चिलखती पोलादाचे वेल्डिंग हे गेट-ग्रिलचे वेल्डिंग नव्हे. ते शिकलेला हात एकदा दुसरीकडे गेला की सहजी परत येत नाही.

नगरलाच हे का जमले?

कारण इथे आराखडा करणारा, चालवणारा आणि शिकवणारा एकाच गावात आहेत. व्हीआरडीईची मुळे स्वातंत्र्यापूर्वी रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे होती. फाळणीनंतर ती नगरला रुजली. १९४८ पासून इथे चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशिक्षण शाळा आहे. १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या यांत्रिक पायदळ रेजिमेंटचे केंद्रही इथेच. व्हीआरडीईच्या चाचणी मार्गांवर नागरी वाहनेही तपासली जातात. शेजारी के. के. रेंज हे गोळीबाराचे मैदान आहे. सप्टेंबर २०२० मध्ये अर्जुन रणगाड्यातून लेझरने मार्ग दाखवल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी तिथेच झाली.

या जिल्ह्याने त्याची किंमतही मोजली आहे. के. के. रेंजच्या विस्ताराच्या चर्चेने नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतील २३ गावांवर अनेक वर्षे टांगती तलवार राहिली. यांतील काही कुटुंबे मुळा धरणात एकदा उठलेली. जमीन जाईल या धास्तीने विहीर खणावी की नाही, घर बांधावे की नाही, असा घोर ज्यांनी लावून घेतला, त्यांना ‘देशाच्या संरक्षणासाठी’ हे शब्द पुरत नाहीत. आवाज आणि धूळ गावाला, कारखाने मात्र इतर राज्यांत आणि परदेशांत, असे चित्र दिसले की कटुता येणारच.

म्हणून नगरच्या मागणीकडे केवळ प्रादेशिक हट्ट म्हणून पाहू नये. नागापूर आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रकाम, फोर्जिंग, रबर आणि वायरिंगची कामे करणारे हात आहेत. चाचणी होते तिथून काही किलोमीटरवर सुटा भाग बनत असेल, तर सकाळी मोडलेला कंस संध्याकाळी सुधारून पुन्हा गाडीला लागू शकतो. संशोधनात असा वेळ वाचणे पैशापेक्षा मोलाचे असते.

पुढे काय व्हायला हवे?

पहिले, तुलना मैदानात व्हावी. स्ट्रायकर आणि ‘व्हॅप’ या दोन्ही गाड्यांना लडाखच्या त्याच चढावर, त्याच थंडीत आणि त्याच निकषांवर चालवावे. ‘व्हॅप’ कमी पडली, तर कुठे पडली ते व्हीआरडीईला लेखी कळवावे आणि सुधारण्यासाठी मुदत द्यावी. देशी आहे म्हणून गुण वाढवून देणे हा आत बसणाऱ्या जवानाशी द्रोह ठरेल. विदेशी आहे म्हणून चाचणीच सौम्य ठेवणे, हाही तितकाच द्रोह.

दुसरे, स्ट्रायकर घ्यायचीच ठरली तर करारात गाड्यांच्या संख्येइतकेच महत्त्व बदलाच्या अधिकाराला हवे. भारतीय रेडिओ, भारतीय क्षेपणास्त्र, भारतीय ड्रोनविरोधी यंत्रणा बसवायला दरवेळी वॉशिंग्टनचा शिक्का लागणार असेल, तर ते सहउत्पादन नावापुरतेच.

तिसरे, सैन्याने ‘व्हॅप’ची मागणी लहान असली तरी सलग ठेवावी. एकदम हजार गाड्यांची घोषणा करून पाच वर्षे शांत बसण्यापेक्षा दरवर्षी ठरावीक गाड्या घेणे आणि प्रत्येक तुकडीत मागच्या तुकडीचा अनुभव ओतणे, यातून गाडी पक्व होते. जगातली प्रत्येक चांगली लष्करी गाडी अशीच, सैनिकांच्या तक्रारी ऐकत घडली आहे. तक्रार करणारा जवान आणि ती ऐकणारा अभियंता एकाच शहरात असण्याचे भाग्य फार थोड्या देशांच्या वाट्याला येते. नगरमध्ये ते आहे. त्याचा उपयोग करायचा की नाही, हे दिल्लीने ठरवायचे आहे.